वरोऱ्याला पोचलेली वरात

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं. अंगणवाडीतली नोकरी, घरचं सगळं, आणि दर रविवारी बोरगाव मेघेहून वर्ध्याला वर्ग. आमच्या वर्गात एक पोलीस शिपाई बाई होत्या, एक मेडिकल दुकानवाले होते. सर मात्र आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं : कथानक, पात्र, संघर्ष, उत्कर्षबिंदू, निवेदक. मला शब्द पाठ करायची सवय, म्हणून मी भराभर उतरवून घेतले. सर म्हणाले, "पाठ करू नका. हे बघा. बस आली. मी चढलो नाही. या नुसत्या घटना झाल्या. बसमध्ये सासरे बसलेले दिसले म्हणून मी चढलो नाही, हे झालं कथानक. एका गोष्टीमुळे दुसरी घडली पाहिजे."

वर्ग हसला. मग त्यांनी गृहपाठ दिला. तुमच्या घरात वरचेवर सांगितला जाणारा एक प्रसंग लिहून आणा आणि हे पाच शब्द त्यात शोधून दाखवा.

मला विचार करावाच लागला नाही. आमच्या घरात एकच प्रसंग सांगितला जातो : माझ्या लग्नाची वरात. माझं माहेर जामपासून नागपूरच्या बाजूला. वरात वर्ध्याहून निघाली, जामच्या चौकात नागपूरकडे वळायच्या ऐवजी चंद्रपूरच्या रस्त्याला लागली आणि थेट वरोऱ्याला पोचली. मुहूर्त अकराचा, नवरदेव आला अडीचला. पाहुणा कोणीही येवो, मामाजी, म्हणजे माझे सासरे, ही गोष्ट सांगणारच, आणि शेवटी त्या ड्रायव्हरचा उद्धार करणारच.

संध्याकाळी वही घेऊन मी त्यांच्यापुढं बसले. ते खूश झाले.

"लिही. ड्रायव्हर पेलेला नव्हता, पन अक्कल नव्हती त्याले. जामच्या चौकात कोनाले इचारलं नाई, पुसलं नाई, टाकली गाडी चंद्रपूरच्या रोडनं."

"मामाजी, तुम्ही कुठं बसला होता?"

"मांगं. पत्ते खेळून राह्यलो होतो."

"मग त्यानं विचारलं नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी केला नव्हता. "सारेच सांगतेत ना," ते म्हणाले. मी वहीत लिहिलं : निवेदकाला सगळं माहीत नाही.

मग नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मले काय इचारतं? फेटा इतका घट्ट बांधला होता का डोकं फुटून राह्यलं होतं. मी डोये मिटून बसलो होतो." लग्नाची गोष्ट, नवरदेव मुख्य पात्र, आणि त्याला सांगायला एवढंच.

माझी बाजू मला ठाऊक होती. मांडवात मी साडेतीन तास शालू नेसून बसले होते. बारा वाजता मावशी रडायला लागली. एक वाजता माझे वडील रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मुलानं लग्न मोडलं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला मात्र भूक लागली होती. मैत्रिणीनं चोरून बुंदी आणून दिली आणि मी ती पदराआड खाल्ली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, पण वहीत लिहिलं.

राहिल्या सासूबाई. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ही गोष्ट निघाली की त्या उठून आत जातात, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

"आई, गाडीत तुम्ही कुठं होता?"

"समोर. ड्रायव्हरच्या बाजूले."

त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुह्या सरायले आपल्या घरचं कोनी ओयखते काय?"

"कोणीच नाही."

"मंग लिही. त्यानं मले इचारलं होतं, बाई, गाव कोनत्या बाजूले. मीनं हात केला. तो हातच चुकला."

मी वहीतला ड्रायव्हर खोडला.

"नंदोरी आली तवाच मले समजलं. पन बाजूले माही जाऊ बसली होती. सकायपासून टोमणे देऊन राह्यली होती, नवरदेवाची माय लय हुशार म्हने. आता कोन्या तोंडानं सांगू? म्हटलं, पुढं कुठं तरी फाटा येईनच."

"मग?"

"थो वरोऱ्यातच आला."

मला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही. दारात मामाजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ते हसले नाहीत. "एकवीस वर्सं," ते म्हणाले, "त्या मानसाले मीनं वरातीसमोर, अन् मंग साऱ्या पाव्हन्यायसमोर वाट्टेल ते म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चौकशी करत पिपरी मेघेला गेले. ड्रायव्हर आता घरीच असतात, मुलगा गाडी चालवतो. मामाजींनी त्यांना रविवारच्या जेवणाचं बोलावणं केलं. मी त्या दिवशी वर्ग बुडवला. आईंनी स्वतः पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला, आणि वाढताना एकदाही मान वर केली नाही.

मामाजींनी ताटावरच माफी मागितली. ड्रायव्हर अवघडून हसले. "मले तं ठावंच होतं ना जी. पन लगनाच्या दिवशी नवरदेवाच्या मायले खाली पाह्याले लावाव काय? अन् मलेबी कुठं रस्ता मालूम होता!" मग मामाजींकडं बोट दाखवत मला म्हणाले, "पन तीन घंटे काई रस्त्यानं नाई लागले, ताई. वरोऱ्यात यायनंच साऱ्यायले गरम भजे चारले. ते सांगतलं का नाई?"

नाही सांगितलं. मी मामाजींकडं पाहिलं. ते एकदम पाटोडीत गुंतले. मी मांडवात बसलेली, वडील रस्त्यावर उभे, आणि वरात वरोऱ्यात भजी खात होती! नवरा म्हणाला, "मीनं दोनच खाल्ले." डोळे मिटून बसलेल्या माणसाला भजी बरी दिसली. मी पदराआडची बुंदी सांगून टाकली, तेव्हा कुठं हिशेब बरोबर झाला आणि सगळेच मोठ्यानं हसले.

पानं पुन्हा लिहावी लागली. पुढच्या रविवारी वर्गात वाचून दाखवलं. या गोष्टीतला संघर्ष कोणाचा, यावर वाद झाला. मी लिहिलं होतं, दोन गावांचा मुहूर्ताशी. शिपाई बाई म्हणाल्या, "छे, सासूचा स्वतःशी. नंदोरी ते वरोरा." सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मी इतकं नेमकं सांगितलं नसतं."

घरी येऊन आईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "याच्यात म्हतारी वाईट दिसते काय वं?"

"नाही आई. सरांनी समासात लिहिलंय, सर्वांत जिवंत पात्र."

त्या उठून आत गेल्या. पण दोन दिवसांनी मी अंगणवाडीतून परतले, तर कुंपणाशी शेजारीण उभी होती आणि आई तिला वरात सांगत होत्या. त्यांनी सुरुवात जामच्या चौकापासूनच केली होती, आणि ओंजळीतल्या शेंगा खाली ठेवून त्या हात करून दाखवत होत्या.