मीठ पडायच्या आधीचं

शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली ढवळून आत्या निवृत्त झाली आणि घरी बसली. म्हणजे बसली नाहीच. वडिलांच्या जमिनीतला खाडीकडचा अर्धा एकर तिच्या वाट्याला आला होता. उन्हात पांढरा पडायचा, भिजला की पायाला चिकटायचा. पहिल्याच दिवशी तिनं मातीचा कण जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

"मीठ हात सोडून पडलंय," ती म्हणाली.

बांधापलीकडचा तुकडा दादाचा, तिच्या थोरल्या भावाचा. त्याला दोन्ही तुकडे कोळंबीच्या तळ्यासाठी भाड्यानं द्यायचे होते.

"खारं पाणी एकदा भरलं की इथं पुन्हा काही उगवायचं नाही, दादा."

"आत्ता तरी काय उगवतंय?"

"एक वर्ष दे. एक पीक दाखवते. नाही जमलं तर सही करते."

"दिलं. पेन मात्र आजच आणून ठेव."

शाळेत आता दादाची मुलगी स्वयंपाक करायची. उरलेलं अन्न फेकताना आत्याच्या जिवावर यायचं ते आयुष्यभर. तिनं भाचीकडून रोज दोन बादल्या उरलंसुरलं घेतलं, कुजवलं, शेतात मिसळलं आणि पालक पेरला. कोंब आले, दोन-दोन पानं फुटली, मग कडा करपल्या आणि सगळी रोपं आडवी झाली.

"जेवण आवडलं नाही वाटतं त्यांना," दादा बांधावरून म्हणाला.

आत्यानं वाफ्यातच फतकल मारली. उरलेल्या खताचं ढेकूळ फोडलं, बोटानं जिभेला लावलं आणि कपाळावर हात मारून हसत सुटली. "अगं बाई! जन्मभर ज्यात मीठ घातलं, तेच इथं आणून ओतलं की मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्वयंपाकघराच्या दारात हजर.

"आजपासून उरलेलं नको. सालं दे, देठं दे. मीठ पडायच्या आधीचं सगळं माझं."

"आणि शेतात पडलेल्या मिठाचं काय, आत्या?"

"धुऊन काढायचं."

तिनं चारी बाजूंनी बांध घातले, उताराकडे चर खणला. सालं, शेण आणि पालापाचोळा चार महिने कुजवून काळंभोर खत केलं आणि मातीत कालवलं. मग कालव्याचं गोडं पाणी कोंडलं. आधी पाणी वरच साचून राहायचं, ते आता मुरायला लागलं आणि मीठ घेऊन चरातून वाहून गेलं. असं तीनदा. प्रत्येक वेळी आत्या मातीची चव घ्यायची. तिसऱ्यांदा ती थुंकली नाही. तिनं बीट पेरलं.

वर्ष भरायला आठवडा उरला असताना दादा कोळंबीच्या तळेवाल्याला घेऊन आला. बांधावर येताच दादाची पावलं थांबली. लाल देठांची पानं गुडघ्यापर्यंत आली होती. आत्यानं एक बीट उपटलं, चराच्या कडेला बादलीत धुतलं आणि दादाच्या हातात ठेवलं. त्यानं चावा घेतला. ओठ, दात, हनुवटी, सगळं लाल.

"काय दादा, पेन आणू?"

दादा चावतच राहिला. मग तळेवाल्याला म्हणाला, "तुम्ही जा. इथं तळं होणार नाही." आणि तोंड पुसत, हळूच: "माझ्या तुकड्यात मीठ किती असेल गं? जरा चाखून सांग ना."

"मी का? जीभ तुलाही आहे."

दादानं वाकून चिमूटभर माती तोंडात टाकली. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं, की सायकलवरून सालांची बादली घेऊन येणारी त्याची लेक हसताना पडता पडता वाचली.

"हं," आत्या म्हणाली, "उद्यापासून दोन बादल्या आण गं. एक तुझ्या बाबांची."