उपाशीपोटी चंद्रपूरला

बल्लारपूरला पेपर मिलच्या मागच्या वस्तीत अम्माचं दोन खोल्यांचं घर होतं. अम्मा आम्हा तृतीयपंथीयांची गुरू. तिच्याकडे मी आले तेव्हा बावीस वर्षांची होते. माझं गाव सिंदेवाहीजवळचं. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं, मला साडी नेसूनच जगायचं होतं, म्हणून गाव सुटलं. अम्माकडे आणखी एकच जण होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला मी दीदी म्हणायची.

दीदीचं निर्वाण झालं होतं. म्हणजे शस्त्रक्रिया करून तिनं अंगावरची पुरुषपणाची खूण काढून टाकली होती. मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, मला ते करायचं नाही. केस वाढवीन, टिकली लावीन, तुमच्यासोबत बाजारात टाळी वाजवीन, पण ते नाही. अम्मा नुसती ‘पाहू’ म्हणाली. दीदी उठून आत निघून गेली. तिचं ते उठून जाणं मला खटकलं.

तेव्हापासून ती माझ्यावर पाळत ठेवते असं मला वाटू लागलं, आणि ते खरंही होतं. मी गावाकडे पत्र लिहायला बसले की ती दारात येऊन उभी राही. एकदा शेजारणीला सांगताना ऐकलं, “ही टिकणार नाई. उद्या पँट घालून घरी जाईल अन् लग्न करून मोकळी होईल.” मीही काही कमी नव्हते. तिनं दिलेल्या चहाचा पहिला घोट मी तिलाच घ्यायला लावी. कुणाला भूल देऊन नेलं, कुणी शुद्धीवर आली तोवर सगळं उरकलं होतं, अशा गोष्टी मी ऐकल्या होत्या. खऱ्या की खोट्या, विचारणार कुणाला?

पुढे माझ्या पोटात उजवीकडून कळा येऊ लागल्या. दवाखान्यात जायला मी दोनदा साफ नाही म्हटलं. मागे एका डॉक्टरनं मला तपासताना कंपाउंडरला आत बोलावून दाखवलं होतं. ते हसणं माझ्या कानातून गेलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत होते. आतून अम्माचा आवाज आला, “सकाळी तिले काई खाऊ देऊ नको. अन् कुठी नेऊन राह्यलो ते सांगू नको, नाईतर येणार नाई.”

“बरं,” दीदी म्हणाली.

भूल देऊन नेण्याच्या त्या ऐकलेल्या गोष्टी मला आठवल्या. सकाळी दीदी म्हणाली, “चल, चंद्रपूरले साड्या पाहून येऊ.” पण पिशवीत ती जुनी मऊ लुगडी भरत होती, दवाखान्यात पडून राहणाऱ्याला लागतात तशी. नाही म्हटलं तर दोघी मिळून धरतील अशी भीती वाटली. वाटेत पळणं सोपं, म्हणून मी निमूट तिच्यासोबत निघाले. चंद्रपूरच्या स्टँडवर ती रिक्षा ठरवायला वळली आणि मी समोरच लागलेल्या ब्रह्मपुरीच्या गाडीत चढले. वाटेत माझं गाव लागतं. गावात कुणी उभं करणार नव्हतं, तरी बसले.

गाडी सुटायच्या आत दीदीनं मला शोधलं. धापा टाकत शेजारी येऊन बसली.

“काऊन पळून राह्यली तू?”

“मले कापायले नेऊन राह्यले ना तुमी?”

पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या. दीदीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. 

“पोटाचा फोटो काढाचा हाये, त्याले उपाशी लागते. भरती केलं तर असावी म्हून लुगडी घेतली,” ती म्हणाली. “काल मी एकटी येऊन डॉक्टरीनबाईशी बोलून गेली. आत तिच्याशिवाय कोणी राह्यणार नाई.”

मला तरी पटेना. मी विचारलं, “मंग तू माह्यावर नजर काऊन ठेवते?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, “माह्यं निर्वाण मी सोताच मागून घेतलं. अम्मा थांब म्हणे, तरी गेली. मले ते अंगावर नकोच होतं. तुले नाई करायचं तर नको करू. पण तू नाई म्हणते तवा वाटते, ही माह्याकडं पाहून नाई म्हणून राह्यली. मनात हासून राह्यली.”

मी मान खाली घातली. कारण तिला पाहून मी खरंच मनात म्हणत असे, एवढं करून हिला काय मिळालं?

कंडक्टरनं घंटी मारायच्या आत आम्ही उतरलो. रिक्षात मी उडी मारायला बरं म्हणून कडेची दांडी धरूनच बसले होते. दवाखान्याची पाटी वाचली, डॉक्टरीनबाई एकटीच आत आली, तेव्हा कुठे मी तपासणीच्या टेबलावर आडवी झाले. पित्ताशयात खडे निघाले. पुढे ते काढावे लागले. तेव्हा दीदी आठ दिवस माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपली.

त्यानंतर वर्षभरानं नागपूरकडच्या मोठ्या गुरूबाई आल्या. जेवायला पंगत बसली तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी अम्माला विचारलं, “हिचं निर्वाण झालं काय? नाई झालं तर पंगतीत कशी बसली?”

अम्मा उत्तर जुळवत होती. तेवढ्यात वाढता वाढता दीदी म्हणाली, “तिचं तिले माईत. आमच्या घरची हाये, एवढं पुरे.”

गुरूबाईंनी तोंड वाकडं केलं. जेवल्या, पण मी तांब्या पुढे केला तेव्हा माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. दीदीनं माझ्या हातातला तांब्या घेतला, स्वतः पाणी प्यायली आणि उरलेला भात माझ्या ताटात वाढला.