दोर तोडण्याचा हुकूम

कॅप्टन पद्माकर मयेकर मूळचे मालवणचे. तीस वर्षं दर्यावर काढून आता सिंगापूरच्या बेडोक भागात फ्लॅटमध्ये राहतात आणि एका जहाज कंपनीच्या ऑफिसात बसून नऊ जहाजांची काळजी वाहतात. स्वभावानं फणस आहेत असं लोक म्हणतात. मला तरी आतले गरे कधी दिसले नाहीत. एक नियम मात्र त्यांनी कसोशीनं पाळला. किनाऱ्यावर बसलेल्यानं जहाजावरच्या कप्तानाला हुकूम सोडायचा नाही. विचारलं तर सल्ला द्यायचा आणि गप्प बसायचं.

तो नियम त्यांनी गेल्या मार्चमध्ये मोडला.

कंपनीचं गव्हाचं जहाज एका दुभंगलेल्या देशाच्या बंदरात लागलं होतं. नाव लिहीत नाही, कंपनीचे वकील डोळ्यांत तेल घालून बसलेत. देशात उत्तरेचं आणि दक्षिणेचं अशी दोन सरकारं, दोन फौजा आणि मध्ये उपाशी माणसं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरी एक महासत्ता विमानं घेऊन उतरली होती आणि लाभ कुणाच्याच पदरात दिसत नव्हता. ती दक्षिणेच्या बाजूची, आणि बंदर उत्तरेच्या ताब्यात. जहाजावर बावीस माणसं. कप्तान प्रबोध तांडेल, मयेकरांच्याच हाताखाली शिकलेला.

सिंगापूरला दुपारचे तीन वाजले होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"सर, तेलाच्या टाक्यांवर बॉम्ब पडले. धक्का पेटलाय!"

"इंजिन?"

"तयार आहे. धक्क्याला बांधलेल्या दोरांपाशी माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी आहेत. पण धक्क्यावरचे हमाल आमच्याकडे धावत सुटलेत, चाळीसएक असतील. दोन मिनिटं थांबतो, शिडीवरून वर घेतो."

मागून किंकाळ्या येत होत्या. मयेकर खुर्चीतून उठले. "प्रबोध, दोर तोड."

"सर, पहिला माणूस शिडीवर चढतोय—"

"तोड म्हणतो ना! आत्ता!"

प्रबोधनं ओरडून हुकूम दिलेला ऐकू आला आणि फोन बंद झाला.

शिडीजवळच्या कॅमेऱ्याचं चित्रण चौथ्या दिवशी ऑफिसात पोचलं. मयेकरांनी दार लावून ते पाहिलं. शिडीवरच्या माणसाच्या पाठीवरचा सदरा जळत होता. जहाज सुटलं, शिडी धक्क्यावरून घसरली आणि तो जहाज आणि धक्क्याची भिंत यांच्यामध्ये पडला. जहाजाची कड पुन्हा भिंतीला घासली. वर काठाशी एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेतलं होतं. त्या दुसऱ्याचा पाय गुडघ्याखाली नव्हता. दोघं हात हलवत होते. मग विमानं परत आली, आणि धूर ओसरला तेव्हा तिथे धक्काच नव्हता. पाण्यावर गव्हाची फाटकी पोती तरंगत होती, आणि माणसांचे तुकडे.

जहाजावरचे बावीसही जण वाचले. त्यांच्या घरच्यांचे फोन आले, कंपनीनं पाठ थोपटली. मयेकर आभार ऐकून घेत आणि विषय बदलत.

मे महिन्यात जहाज दुरुस्तीला सिंगापूरला आलं. प्रबोध बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, भेटला. निम्मी कॉफी संपवून तो म्हणाला,

"लॉगबुकात माझाच निर्णय म्हणून लिहिलंय, सर. तुमचं नाव नाही."

"घालायला हवं होतंस."

"त्या गोंगाटात तुम्हाला ऐकू आलं नसेल ना? शिडीवर माणूस होता ते?"

बिचाऱ्यानं सुटकेची वाट आयती काढून दिली होती. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"ऐकू आलं," मयेकर म्हणाले. "म्हणून तर ओरडलो. एक जण वर आला असता, तर बाकीच्यांसाठी तू थांबला असतास. मी ओळखतो तुला."

प्रबोधनं कप खाली ठेवला. "थांबलो असतो. विमानं सात मिनिटांनी परत आली, सर. सगळे वर आले असते."

"माहीत आहे," मयेकर म्हणाले. "चित्रणावरची वेळ मीही पाहिली."