इंडेंटवरचा शेवटचा रकाना

आमच्या घरी कुठलीही मोठी वस्तू आणायची ठरली की आधी तिचा कागद होतो. बाबा त्याला इंडेंट म्हणतात. साजगावच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. तिथे स्टोअरमधून साधा बोल्ट काढायचा तरी असा कागद भरावा लागायचा. वस्तू, नग, कुठल्या मशीनला, आणि शेवटचा रकाना: कशासाठी. बाबा निवृत्त झाले, इंडेंट मात्र घरी आलं. मागे आईला मिक्सर हवा होता, तेव्हा शेवटच्या रकान्यापाशी बाबांचं पेन थांबलं. आई म्हणाली, "लिवा, जुना फेकायसाठी." बाबांनी तसंच लिहिलं.

त्यामुळे मी नवा कॉम्प्युटर घ्यायचं काढलं तेव्हा हा कागद होणार हे मला माहीत होतं. तरीही मी त्यात खोटं लिहिलं.

खरं सांगायचं तर मला तो कॉम्प्युटर फक्त खेळण्यासाठी हवा होता. कॉलेजात असताना नेरळला राहणाऱ्या एका मित्राच्या खोलीवर मी पहिल्यांदा तसला खेळ पाहिला. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने गाडी चालवायची. पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर डबकी, आणि त्या डबक्यांत आभाळ दिसायचं. आमच्या हायस्कूलमध्ये कॉम्प्युटरवर कापड घातलेलं असायचं, चपला बाहेर काढून आत जायचं आणि सहा जणांनी एकाकडे बघायचं. त्या यंत्रात आभाळ दिसू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. मित्र मला रोज दहा मिनिटं खेळू द्यायचा. ती दहा मिनिटं मी नोकरी लागल्यावरही विसरलो नाही.

आता नोकरीला सहा वर्षं झाली होती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाबा दुसऱ्या पाळीवरून येताना कारखान्यातला खाकी कागद घेऊन यायचे आणि माझ्या पुस्तकांना कव्हरं घालून द्यायचे, कडा अशा धारदार की वर्गातली मुलं विचारायची, दुकानातून घातलीस का. त्या माणसासमोर उभं राहून, तिशीला आलेल्या मुलाने, मला खेळायला यंत्र पाहिजे, असं कसं म्हणायचं? आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करत होतो. कारण तयार होतं. मी वहीचं पान घेतलं, एकेक सुटा भाग लिहिला आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच गोष्ट लिहीत गेलो: ऑफिसच्या कामासाठी.

हे भाग निवडायला मला सहा महिने लागले होते. गेमिंगचा कॉम्प्युटर तयार विकत घेण्यापेक्षा सुटे भाग निवडून जोडलेला बरा असतो, आणि तो निवडताना सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करतात. पडद्यावरचं चित्र तेच काढतं. त्याला साजेसा प्रोसेसर, प्रोसेसर बसेल असा मदरबोर्ड, मग रॅम, या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय आणि आतली गरम हवा बाहेर काढणारे पंखे. मी जेवताना व्हिडिओ बघायचो, मोबाइलमध्ये यादी करायचो, रविवारी ती खोडून नवी करायचो. यादी बदलत होती, कार्ड मात्र बदलत नव्हतं. ते एक मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

बाबा ओटीवर बसून कागद वाचत होते. लाल पेन बाहेर आलं. प्रोसेसरवर बरोबरची खूण झाली, रॅमवर झाली. मग पेन ग्राफिक्स कार्डावर थांबलं.

"हे काय करतं रं?"

"चित्र काढतं, बाबा. पडद्यावरचं."

"तुज्या ऑफिसात चित्रं काढतात?"

"चित्रं नाय, म्हंजे... मोठ्या फाइली असतात."

"फाइलीचं काम रॅम करतो, तूच सांगलास मगाशी." आणि त्यांनी कार्डावर लाल रेघ मारली, पट्टी लावून. "ह्याला कारण नाय. कार्ड गेलं म्हंजे ह्यो पॉवर सप्लाय बी एवढा मोठा नको." तिथेही रेघ. "पंखे चार कशाला? दोन बास." पुन्हा रेघ.

पाच मिनिटांत माझ्या सहा महिन्यांचा एक चांगला, शहाणा, कामाचा कॉम्प्युटर झाला. बँकेच्या काउंटरवर असतो तसा. त्यात बाबांची काहीच चूक नव्हती. लिहिलेल्या कारणाला लागेल तेवढाच माल त्यांनी मंजूर केला होता.

मी एकदा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, "पन कार्ड लागंल बाबा, खरंच लागंल ऑफिसला."

बाबांनी चष्मा काढला. "लागतंय ना? मंग ऑफिसानंच दिलं पायजे. कामाची वस्तू कामावरून घ्यायची. तू तुज्या सायबाला मेल कर. नाय तर सोमवारी मी येतो संगती, मी बोलतो त्याच्याशी नीट."

ते खरंच आले असते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले असते, आणि पनवेलच्या ऑफिसात माझ्या साहेबांना समजावून सांगितलं असतं की पोराला ग्राफिक्स कार्ड द्या, त्याच्या फाइली मोठ्या आहेत. आतून आई ओरडली, "जावा, जावा, दोगं बी जावा. येताना पनवेलवरून भाजी आना." मला हसू आलं नाही.

दोन दिवस मी तो कागद घेऊन फिरलो. गप्प बसलो तर यंत्र येणार होतं, पण खेळ येणार नव्हता. बाबांना फसवून कार्ड मागवणंही मला जमलं असतं, पार्सल कुणी उघडून बघत नाही. पण मग त्यांच्याच घरात रोज संध्याकाळी त्यांची चाहूल लागली की पडदा बदलायचा, असं किती दिवस?

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या टेबलाजवळचा प्लग उघडून बसले होते. शेजारची भातगिरण सुरू झाली की आमच्या घरातला उजेड बसतो, म्हणून कॉम्प्युटरला स्टॅबिलायझर बसवायला ते वेगळी वायर ओढणार होते. स्क्रू तोंडात धरलेला. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मीच बोललो.

"बाबा, ते इंडेंट चुकीचं भरलंय मी."

त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"ऑफिसचं काम माज्या जुन्या लॅपटॉपवर व्हतंय. ह्यो मला खेळायला पायजे. गेम खेळायला."

बाबांनी स्क्रू तोंडातून काढून तळहातावर ठेवला. भातगिरण चालू होती, ट्यूबलाइट थरथरत होती. आई दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

"मंग ऑफिस कशाला लिवलंस?"

"तुमी काय म्हनाल म्हनून."

"मी काय म्हनलो? कार्ड काटलं! तूच ऑफिस लिवलंस, म्हनून मी काटलं." आता त्यांचा आवाज चढला होता. रागाचं कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा भलतंच होतं. "शेवटचा रकाना कशाला असतो? एकानं असंच केलं व्हतं आमच्यात. आपल्या मशीनचा बेल्ट लवकर पास व्हत नाय म्हनून मागवताना दुसऱ्याच मशीनचं नाव लिवलं. बेल्ट आला, चार इंच आखूड. सबंध पाळी मशीन उभी. खोटं लिवल्यावर माल चुकीचाच येनार ना रं!"

"चुकलं बाबा."

"चुकलंच." मग त्यांनी तळहातावरचा स्क्रू प्लगला लावला. "मी बी लिवलं व्हतं म्हना एकदा."

"काय?"

"कंपनीत नवीन व्हतो तवा. गावाची कबड्डीची मॅच व्हती. सुट्टीच्या अर्जात लिवलं, आजी वारली. आनि सुपरवायजर आला ना मॅच बघायला! त्याचा मेव्हना समोरच्या टीममधी. मी रेड टाकायला गेलो तर ह्यो बाजूला उभा, म्हनतो, आजीला न्हेलं काय रं?"

आई दारातच हसायला लागली. "आनि आजी घरी भाकऱ्या भाजत व्हती."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हनला, अर्जात खेळ लिव, देतो मी सुट्टी. त्यानंतर खेळच लिवला दर वक्ताला. एक-दोनदा नाय दिली. बाकी दिली."

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबा कबड्डी खेळायचे एवढं माहीत होतं. त्यासाठी ते अर्ज करायचे हे माहीत नव्हतं.

त्यांनी वहीतून कोरं पान फाडलं, पट्टीने रकाने आखले आणि पेन माझ्यापुढे धरलं. "आता सांग. खेळ कोनता? त्याला लोड किती?"

मग आम्ही दुपारपर्यंत बसलो. वर पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, आणि शेवटच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं: खेळण्यासाठी. लिहिताना कानशिलं गरम झाली. बाबांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते कार्ड किती वॅट खातं, प्रोसेसर किती खातो याची बेरीज करत होते. मी निवडलेला पॉवर सप्लाय त्यांनी या वेळी लहान ठरवला. म्हणाले, मोटार सुरू होताना जादा खेचते, तसं तुझं कार्ड मध्येच जादा खेचत असेल. मी शोधून पाहिलं तर कार्डं तसं करतात, क्षणभर दुप्पटसुद्धा खेचतात. सहा महिन्यांत मी पाहिलेल्या व्हिडिओंत ही गोष्ट माझ्याकडून निसटली होती. मग त्यांनी कार्डाची लांबी विचारली आणि मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बरोबर तेवढं, तेवढ्या जाडीचं कार्ड बनवलं. मला वाटलं, समजून घेण्यासाठी बनवलं असेल.

रविवारी आम्ही स्कूटरवरून कर्जतला गेलो. बाजारात एक कॉम्प्युटरचं दुकान आहे, मालक माझ्याच वयाचा. काउंटरवर गर्दी नव्हती. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "कशासाठी पाहिजे? ऑफिस, एडिटिंग, की गेमिंग?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "गेमिंग." आणि कागद पुढे सरकवला.

दुकानदाराने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "काका, तुम्ही खेळता?"

"मी नाय. ह्यो. मी पास करतो फकस्त."

कॅबिनेट, म्हणजे ज्या पेटीत सगळे भाग बसवायचे ती, मी काचेची निवडली होती. दिसायला फार देखणी, पुढूनही काच. दुकानदारानेही तीच काढली. बाबांनी पिशवीतून पुठ्ठ्याचं कार्ड काढलं आणि पेटीत आडवं धरलं. दोन बोटं बाहेर राहिलं. दुकानदार आधी हसत होता, तो हसायचा थांबला. त्याने स्वतःच्या हाताने पुठ्ठा पुन्हा घालून पाहिला.

"काका, हे आमच्याकडे कुणी करत नाही. लोक घरी नेतात आणि मग फोन करतात."

"आनि हवा कुठून घेनार ही? सगळी काचच हाय." बाबा म्हणाले. मग आम्ही पुढून बारीक जाळीची, आतून लांब अशी दुसरी पेटी पाहिली. जाळीमुळे वारा खेळतो आणि पाल आत शिरत नाही. दुकानदार सांगत होता की आपल्या भागातले दुरुस्तीला आलेले कॉम्प्युटर उघडले की पावसाळ्यात निम्म्यांत तरी मुंग्यांनी घर केलेलं असतं, आणि एकदा तर पॉवर सप्लायमधून पालीची अंडी निघाली. पुठ्ठा या पेटीत बसला, वर चार बोटं जागा राहिली. बाबांनी कागदावर खूण केली.

शेवटी पंखे राहिले. दुकानदाराने विचारलं, "साधे देऊ की लाइटवाले? रंग बदलतात." मी म्हटलं साधे द्या. मला लाज वाटत होती, आणि रंगीत दिव्यांनी यंत्र वेगात चालत नाही हे मी बाबांना आधीच सांगितलं होतं.

"लाइटवाले दे," बाबा म्हणाले.

"बाबा, त्याचा काय उपेग नाय."

"नसू दे. खेळायला घेतोय ना?" ते दुकानदाराकडे वळले. "जांभळा व्हतो का रं त्याच्यात?"

जांभळा होत होता.

भाग जोडायला आम्हाला दोन दिवस लागले. माजघरात चादर अंथरून बाबांनी सगळे स्क्रू वाटीत वेगवेगळे ठेवले. प्रोसेसर बसवताना मी जोर लावायला गेलो, बाबांनी माझा हात धरला नाही, फक्त म्हणाले, "दाबू नको, बसंल आपोआप." बसला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, जांभळे झाले, पडदा मात्र काळाच. बाबांनी मागून पडद्याची वायर बघितली. मी ती कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली होती. वायर बदलली आणि चित्र आलं.

संध्याकाळी खेळ उतरवून झाला. आई लाडवांचा डबा घेऊन आली, बाबा खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "आता खेळून दाव."

मी पहिल्याच वळणावर गाडी दरीत घातली. दुसऱ्यांदाही घातली. आई म्हणाली, "ह्याला स्कूटर तरी कशी देता तुमी?" तिसऱ्यांदा गाडी रस्त्यावर राहिली. पाऊस पडून गेलेला होता, डबकी होती, त्यांत आभाळ होतं. बाबा पुढे वाकून बघायला लागले. बराच वेळ त्यांनी बघितलं. मग उठले, खुर्ची जागेवर ठेवली.

"मी वांग्यांना पानी घालून येतो. तू खेळ."

दारापाशी जाऊन ते थांबले. "लोटून घेऊ काय रं दार? आवाज येतो का भायेरचा?"

"नको बाबा, उघडं असू द्या," मी म्हटलं, आणि गाडी पुढच्या वळणाला घातली.