पानालाही भूक लागते

सातवीतल्या नातीच्या शाळेत बाईंनी सांगितलं, घरातल्या कोणीतरी येऊन मुलांना झाडांबद्दल काहीतरी करून दाखवावं. नातीनं घरात कोणाला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं शिक्षण पोरांच्या, मग नातीच्या पुस्तकांतून, भाजी निवडता निवडता.

मुलगा हसलाच. "माय, तू राहू दे. मी जातो. तिथं प्रकाशसंश्लेषण सांगा लागते."

"मंग? माह्या तोंडातून निघत नाई काय तो शब्द?"

"पोट्टे हसतीन. अन् पोरगी रडत घरी येईन."

हे मात्र लागलं बरं का. मला हसले तर हसोत, या वयात काय फरक पडतो! पण माझ्यापायी नातीची मान खाली गेली तर? तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आजी, तूच येजो." झालं, माझ्यापुरता विषय संपला.

"निंदण-खुरपण सांगजो अन् गुपचूप घरी येजो," मुलानं बजावलं.

"मले जे सांगाचं ते मी सांगीन."

आमच्याकडे सेलूच्या बाजारासाठी मेथी असते. कापलेल्या जुड्या सावलीत मोकळ्या मांडायच्या, वर ओलं पोतं टाकायचं. दाबून भरल्या की आतून गरम होतात, पिवळ्या पडतात. मेथी तापली, असं आम्ही म्हणतो. शाळेत जायच्या दिवशी मी पहाटेच मेथी कापली आणि पोत्यात कोंबकोंब कोंबून तोंड बांधलं.

मुलगा ओरडला, "माय, तापते ना ते!"

"तापाचीच हाये."

शाळेच्या ओट्यावर ऊन आलेलं. काचेच्या ग्लासात नाल्यातलं हिरवं पाणगवत घालून मी तो उन्हात ठेवला. थोड्या वेळानं बारीक बुडबुडे वर यायला लागले. सांगितलं, हा पानाचा सैपाक. पाणी घ्यायचं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, उन्हाच्या चुलीवर अन्न शिजवायचं आणि ऑक्सिजन सोडून द्यायचा. चूल फक्त हिरव्या भागात, आणि उजेड असेल तोवरच.

मागच्या रांगेतून आवाज आला, "म्हंजे झाड दिवसा सैपाक करते अन् रात्री श्वास घेते, नाई का आजी?"

सगळा वर्ग "हाव!" म्हणाला.

म्हणणारच. आमच्या घरोघरी दिवेलागणीनंतर पान तोडू देत नाहीत, झाड झोपलं म्हणतात. मीही तसंच मानत आले. म्हणून झाडाचा दिवस वेगळा आणि रात्र वेगळी, हे आमच्या डोक्यात पक्कं. पुस्तकात वेगळं लिहिलेलं दिसलं तेव्हा मी आधी पुस्तकाशीच भांडले होते.

मी सोबत आणलेल्या मेथीच्या पोत्याचं तोंड सोडलं. "घाला हात आतमंदी."

"अयाई! गरम हाय वो!"

"बाहेर ऊन हाय. पोत्यात अंधार. सैपाक बंद. मंग गरम काऊन?"

माझी नात उभी राहिली. मान वर, आवाज खणखणीत. "मेथी अजून जित्ती हाय. श्वास घेऊन राह्यली. साठवलेलं अन्न अन् ऑक्सिजन खर्च करते, कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यातून ताकद निघते अन् ऊबबी."

"अन् हे भर दिवसा!" मी म्हटलं. "रात्री झाड झोपत असंन तर झोपू द्या. झोपलेला माणूस श्वास घेत नाई काय? अन् बाई भाकर थापते तवा श्वास घेणं सोडते काय?"

वर्ग हसला. पण ते हसणं माझ्यावर नव्हतं, तेवढं मला कळतं.

पुढं बसलेल्या एका पोरीनं मात्र हसता हसता विचारलं, "मंग पान जेवते कवा, आजी? सगळ्याईचं झाल्यावर?"

मी ग्लास उचलून तिच्यापुढं धरला.

"नाई वो माय. झाडात तशी रीत नाई. पान बनवते तवाच खातेबी. मुळाले पाठवते, फळाले पाठवते, पण सोता उपाशी राहून नाई."

दुपारी घरी आलो. तापलेली मेथी बाजारात कोण घेणार? पिवळी पानं काढून सुनेनं उरलेल्याची भाजी केली. आमच्याकडे आधी पुरुष माणसं जेवतात, मग पोरं, मग उरलंसुरलं आम्हा बायांचं. मी दोन ताटं वाढली. एक सुनेपुढं ठेवलं, एक घेऊन मी बसले. सून ताटाकडे बघतच राहिली.

मुलगा हात धुऊन दारात उभा. "माय, आमचं वाढाचं हाय ना अजून?"

"भाजीचा गंज चुलीपाशीच हाय, घ्या वाढून," मी म्हटलं आणि सुनेला भाकर मोडून दिली. "खा वो, गरम हाये तवरच."

नातीनं बापाला सगळं सांगायला सुरुवात केली, पोत्यापासून. तो भाजी वाढून घेत ऐकत होता.