इंजिन हॉलमध्ये, गाडी देवगावात

चिकलठाण्याला आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा कसाही असो, किस्से कडक मिळतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. स्टोअरमधल्या सुट्या नटबोल्टांसारखे ते आपोआप साचतात. एक दिवस पाहावं तर डबा भरलेला!

आमचा डबा मुख्यतः दत्तानं भरला. दत्ता म्हणजे आमचा स्टोअरकीपर. एक जुनी बुलेट घ्यायची, पार खोलायची आणि आपल्या मनासारखी नव्यानं बांधायची, हे त्याचं वेड. सोबतीला मेंटेनन्सचे सलीमभाई आणि मी. सलीमभाईंना गाड्यांतलं सगळं कळतं, असं सलीमभाई म्हणतात. मला काहीच कळत नाही, म्हणून तर मला नेतात. दोघांचं भांडण झालं की तिसरा लागतोच.

* * *

शहाणी माणसं आधी गाडी शोधतात. दत्तानं आधी इंजिन घेतलं.

मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या एका भंगारच्या दुकानात त्याला बुलेटचं सुटं इंजिन दिसलं. सलीमभाईंनी ते हातानं फिरवून पाहिलं, कान लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "दत्ता, दिल जवान है इसका. उठा ले!"

मग काय! रिक्षात मागच्या सीटवर इंजिन आणि पुढं ड्रायव्हरला चिकटून दत्ता, अशी वरात घरी आली. दारात सुनंदावहिनी उभ्या. त्यांनी इंजिनाकडं पाहिलं, मग रिक्षाच्या मागं रस्त्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"बाकीची गाडी मागून येतीय का?"

* * *

इंजिन हॉलमध्ये बसलं. वहिनींनी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि वर मनीप्लांटची कुंडी ठेवली. पाहुणे विचारायचे, "शिलाई मशीन का हो?" वहिनी म्हणायच्या, "नाही, सवत!"

शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. अक्षय्य तृतीयेला त्या जागेवर नवा सोफा येणार. तोपर्यंत इंजिनाला गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर ज्या दुकानातून आलं त्याच दुकानात परत जाणार. वहिनींचा शब्द म्हणजे शब्द. दत्ताची झोप उडाली.

त्याही परिस्थितीत आम्ही तिघं रंगावरून भांडत होतो. दत्ताला टाकी लाल पाहिजे, सीट लांब आणि मागचा मडगार्ड कापलेला. सलीमभाई म्हणायचे, "काला! बुलेट यानी काला! दूसरा रंग नक्को." माझी मागणी साधी होती, मागं कॅरिअर असावं, बाजाराची पिशवी बांधता येते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! तासाभरानं आतून वहिनींचा आवाज आला,

"आधी चाकं तर आणा!"

* * *

पहिली गाडी पाहिली ती एका निवृत्त हेडमास्तरांची. सर गाडीला रोज पुसत, दसऱ्याला हार घालत. गाडी अशी लखलखीत की दत्ता चपला बाहेर काढून पोर्चमध्ये गेला.

सरांनी आम्हाला ओळीनं बसवलं. काय करता, कुठं राहता, व्यसन वगैरे काही? दत्तानं सगळी उत्तरं हात बांधून दिली. सर खूश झाले. आतून पोहे आले. मग सरांनी सहज विचारलं, "गाडी नेऊन काय करणार?"

इथं आमच्या पठ्ठ्यानं माती खाल्ली. उत्साहात म्हणाला, "कस्टम करणार, सर! मागचा मडगार्ड कापायचा, सीट काढायची, हँडल बदलायचं, सायलेन्सर उडवायचा!"

सरांनी त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली.

"म्हणजे तुम्हाला गाडी नको आहे," ते म्हणाले, "मटण पाहिजे."

* * *

दुसरी गाडी जालना रोडवरच्या एका शेडमध्ये होती. मालक म्हणाला, "वर्षभर उभी आहे साहेब, हात लावला नाही. पण बघा, एका किकमध्ये सुरू!" आणि खरंच, एका किकमध्ये सुरू! दत्ताच्या डोळ्यांत सोफा, लाल टाकी, सगळं एकदम तरळलं.

किक मारायच्या आधीच सलीमभाईंनी इंजिनाला हात लावून ते गार आहे का पाहायला हवं होतं, पण ते तेव्हा चहा पीत होते. ही त्यांची जुनी खोड. मालकानं गाडी बंद केली, तेव्हा कुठं ते उठले. त्यांनी सायलेन्सरच्या टोकाला बोट लावलं, मग खाली वाकून जमिनीकडं पाहिलं. पलीकडच्या भिंतीपासून गाडीपर्यंत तेलाचे ताजे थेंब पडले होते.

"वर्षभर उभी आहे ना?" सलीमभाईंनी विचारलं.

"एका जागी, साहेब!"

"तो फिर ये तेल क्या पैदल आया?"

* * *

आणि मग देवगाव रंगारी.

कारखान्यातल्या एकाच्या लग्नाला आम्ही तिकडं गेलो होतो. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. कुणी घोड्यावर जातं, कुणी जीपमधून. इथं हलगी कडाडली आणि नवरदेव बुलेटवरून आला. टाकी मूळची, मडगार्ड मूळचे, कुठं वेल्डिंग नाही, कुठं ठोकाठोकी नाही. दत्ता पंगतीतून उष्ट्या हातानं उठला.

पण गाडीचा आवाज येईना. जवळ गेलो तर भावकीतली पोरं मागून ढकलत होती. आणखी जवळ गेलो. टाकीच्या खाली जिथं इंजिन असायला पाहिजे, तिथून मला पलीकडचा हलगीवाला दिसला!

दत्ता भर रस्त्यात सलीमभाईंच्या गळ्यात पडला. त्याच्याकडं बिनगाडीचं इंजिन, इथं बिनइंजिनाची गाडी. देवानंच गाठ घालून ठेवली होती.

गाडी तात्यांची. तात्या म्हणजे भावकीतले सगळ्यात वडीलधारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. चहा स्वतः करायचे आणि तो पिणं ही शिक्षा होती. दत्तानं विचारलं, "तात्या, इंजिन कुठं गेलं?"

"काढून टाकलं. मागं एका नवरदेवाला घेऊन घोडं पळालं, पार कन्नडच्या रस्त्याला. तवापासून आमच्या भावकीत घोडं बंद, ही गाडी चालू. पन इंजिन हाय तवर भेव वाटायचंच. आता बघा, लई भरवशाची झालीय!"

* * *

गाडी विकायला तात्या तयार होते. अट एकच.

"भावकीत परण्या निघायचा कुनी ऱ्हायला नाय की गाडी तुमची. तवर चाकबी हलनार नाय."

"किती जण राहिलेत?" दत्तानं घाबरत विचारलं.

"येकच. आमचा पुतन्या, बाळू."

बाळू समोरच उभा होता. चाळिशीला टेकलेला, शेती करणारा, अंगानं दणकट आणि बोलायला अगदी गरीब. शेतकरी म्हटलं की मुलीकडचे चहालासुद्धा थांबत नव्हते. सलीमभाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दत्ताच्या कानात म्हणाले, "बॉडी अच्छी है. काम हो जाएगा."

त्या दिवसापासून दत्ता स्पेअर पार्टचे फोटो बघायचा बंद झाला आणि मुलींचे बायोडाटा बघायला लागला. एके दिवशी वहिनींनी मोबाइल हातात घेतला.

"अहो, या कोण बाया?"

"बाळूसाठी गं!"

"बाळू कोण?"

"देवगावचा. त्यांच्याकडं गाडी आहे."

"त्यांच्याकडं गाडी आहे तर तुम्ही मुली का बघताय?"

"गाडी मिळावी म्हणून!"

वहिनी मटकन खाली बसल्या. चुकून इंजिनावरच बसल्या.

* * *

स्थळ सलीमभाईंनीच काढलं. मुकुंदवाडीत त्यांच्या गल्लीत राहणारी रेखा, स्वतःचं शिवणकाम चालवणारी. आईवडील लहानपणीच गेलेले, विधवा आत्यानं वाढवलेली. आत्या म्हणजे तोफ! सलीमभाई आत्याला बाळूची माहिती सांगायला गेले, पण आयुष्य गेलं गाड्यांत. म्हणाले, "आपा, मॉडेल जरा पुराना है, मगर खडा नहीं रहा. रोज चलता है. और एक्सिडेंट एक भी नहीं!"

बघायचा कार्यक्रम देवगावला झाला. तात्यांनी केलेला चहा आत्यांनी एक घोट घेऊन सरळ तुळशीत ओतला आणि स्वयंपाकघरात शिरून दुसरा करून आणला. तात्या तो कप बराच वेळ हातात धरून बसले.

रेखानं बाळूला एकच विचारलं, "शेती सोडून काय येतं तुम्हाला?"

बाळूनं मान खाली घातली. "ढकलता येतं," तो म्हणाला. "भावकीत जेवढी लग्नं झाली, समद्यांची गाडी मीच ढकलली. माझी कवा कुनी ढकलल, वाटलं नाय."

आम्हाला वाटलं, संपलं. गेलं इंजिन भंगारात! पण रेखा आधी हसली, मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत्याकडं पाहून मान हलवली. खरं सांगतो, त्या क्षणाला मी गाडी विसरलो होतो. दत्तानंही डोळे पुसले, पण ते बाळूसाठी की गाडीसाठी, हे मला नक्की सांगता येत नाही.

* * *

लग्न अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात बोलणी, बस्ता, पत्रिका, सगळ्याला तात्या स्वतः मुकुंदवाडीला यायचे. बांगड्यांपासून बुंदीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर आत्यांशी भांडायचे आणि भांडण उरलं की परत यायचे. आम्ही म्हणायचो, पुतण्यासाठी केवढी धावपळ या वयात! तात्यांच्या मिशा काळ्या दिसायला लागल्या होत्या, तेही आम्ही पाहिलं. लग्नघर म्हटलं की माणूस नटतोच.

लग्नाच्या दिवशी बाळूचा परण्या निघाला. दत्तानं स्वतः गाडी ढकलली, घाम गाळून, आनंदानं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तिकडं घरी वहिनींनी सोफ्यासाठी हॉल झाडून ठेवला होता. इकडं मांडवाच्या मागं आमचा टेम्पो उभा. सलीमभाईंनी गाडीला दोरी बांधली, ड्रायव्हरनं फळी लावली. दत्तानं टाकीवरून हात फिरवला.

तेवढ्यात तात्या आले. कोरं धोतर, भगवा फेटा, मिशा कुळकुळीत.

"दोरी सोडा, पाव्हनं."

"का तात्या? बाळूचं झालं की आता!"

"मांडव हाय. भटजी हायेत. बुंदीबी उरलीय." तात्यांनी घसा खाकरला. "भावकीत अजून येक परण्या ऱ्हायलाय."

"कुणाचा?"

तात्यांनी धोतराचा सोगा सावरला, टांग टाकली आणि गाडीवर बसले. मांडवाच्या खांबाआड आत्या नवं लुगडं नेसून दुसरीकडंच बघत उभ्या होत्या.

"पैल्या टायमाला गाडी नव्हती," तात्या म्हणाले. "बैलगाडीत गेल्तो मी."

हलगी कडाडली. बाळू बाशिंग बांधलेलाच धावत आला आणि सवयीनं मागं हात लावला. सलीमभाईंनी गुपचूप दोरी सोडली आणि बाळूच्या शेजारी उभे राहिले. दत्तानं टेम्पोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बाह्या वर केल्या आणि जोर लावला.

गाडी हलली, तसे तात्या मागं वळून ओरडले,

"दमानं, पाव्हनं, दमानं! आजून क्लच नाय सोडला म्या!"