चाळीस नंबरचं तेल

माझी अक्का पन्नाशी ओलांडल्यावर जीप चालवायला शिकली. तिचं सासर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दाजींनी आयुष्यभर तिथल्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं, कोंबड्या, टोपल्या आणि नवरानवरी या एकाच जिपेतून वाहून नेली. मग एके वर्षी त्यांचा उजवा पाय कामातून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पण गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. गावात सगळ्यांना वाटलं की आता जीप भंगारात जाणार. अक्काने मात्र किल्ली घेतली आणि शेताच्या बांधावर आठवडाभर गाडी पुढे-मागे केली. मी जळगावहून गेलो तेव्हा ती मला घ्यायला फाट्यावर स्वतः आली होती. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्यावर रुमाल, आणि शेजारच्या सीटवर दाजी, कान इंजिनाकडे लावून.

जिपेचा किलोमीटर मोजणारा काटा केव्हाच थांबला होता. गाडी किती धावली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं मात्र नक्की, की इंजिन तेल खायला लागलं होतं. चढावर मागे निळसर धूर सुटायचा. उन्हाळ्यात तापीच्या पुलाजवळ गर्दीत थांबावं लागलं की तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकायचा, आणि अक्का हलकेच पाय देऊन इंजिनाचा वेग वाढवायची. दिवा विझला की ती दाजींकडे बघायची आणि दाजी मान डोलवायचे.

मला ते बघवेना. मी नोकरीला पाटबंधारे खात्यात, यंत्रांशी माझा रोजचा संबंध. जळगावातून मी चांगलं मल्टिग्रेड तेल घेऊन गेलो. थंडीत पातळ राहतं आणि तापल्यावरही फार पातळ होत नाही, असं ते तेल. हल्ली सगळेच तेच वापरतात. दाजींनी शालकाचा मान राखला आणि ते भरायला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात ते तेल जिपेला मानवलं नाही. अक्का दर बाजाराला तेल मोजायची दांडी काढून बघायची आणि दर वेळी तेल खाली गेलेलं असायचं. लाल दिवाही जास्तच लागायला लागला. शेवटी तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीने सांगितलं, "इंजिन आतून झिजलंय. एक तर पूर्ण खोला, नाहीतर जाड तेल टाका, सिंगल ग्रेड. चाळीस नंबर."

कागदावर पाहिलं तर तापल्यावर दोन्ही तेलं जवळजवळ सारखीच. मी तसं म्हणालोही. दाजी जिपेकडे बोट दाखवून हसले. "सायेब, कागद शिकेल शे. पन ही म्हातारी शे ना, तिले कोन वाचाले शिकाडी?" चाळीस नंबर टाकलं आणि खरोखरच फरक पडला. धूर कमी झाला, तेल टिकायला लागलं, इंजिनाचा खडखडाट जरा खाली बसला. मी ते मान्य केलं. खरं तर मला बरंच वाटलं. अक्का निर्धास्त गाडी चालवायला लागली, यापेक्षा मला आणखी काय हवं होतं?

मग थंडी आली. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. उन्हाळ्यात जिथे डांबर चिकटतं, तिथेच पौषात सकाळी नळाला हात लाववत नाही. त्या दिवसांत अक्काने गावातल्या तीन म्हाताऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला न्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्यात तिची चुलत सासूही होती, सगळ्यांची जिजी. डॉक्टरांनी सकाळीच यायला सांगितलं होतं, डोळ्यांत थेंब घालणं आधीच सुरू झालं होतं. दवाखान्यात धावपळ करायला कुणीतरी हवं म्हणून मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो होतो.

उजाडताच तिघी हजर. डोक्यावरून घोंगड्या, हातात पिशव्या, अंगाला कापूर आणि विड्याचा वास. आम्ही त्यांना मागे बसवलं. अक्काने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि थांबलं. पुन्हा फिरवली, आवाज आणखी बारीक. दाजी खाटेवरून ओरडले, "पुरे! बॅटरी उतरी जाई."

मी बोनेट उघडून दांडी बाहेर काढली. तेल दांडीवरून ओघळेचना, काकवीसारखं जागच्या जागी बसलेलं. रात्रभरच्या गारठ्याने चाळीस नंबर इतकं घट्ट झालं होतं की दमलेल्या बॅटरीला इंजिन फिरवता येत नव्हतं. ढकलून चालू करावी, तर अंगण काळ्या मातीचं, उतार नाही, आणि गावातले गडी पहाटेच शेतावर गेल्यावर ढकलायला कोण? एक मी, एक लंगडे दाजी आणि तीन म्हाताऱ्या.

"काय व्हयनं वं?" जिजीने आतून विचारलं.

"तेल गोठी गयं जिजी," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. शब्द दिला होता तिने.

जिजीने घोंगडी मागे सारून डोकं बाहेर काढलं. मग म्हणाली, "खोबरेल गोठनं म्हंजे आपन चूलजोडे ठेवतस ना? तसंच करा. चूल तं पेटेलच शे."

दुसऱ्या म्हातारीला हसू आवरेना. "माय वं! गाडीनं तेल चूलवर?"

पण दाजी खाटेवर ताठ बसले. "करतस तसं," ते म्हणाले. "जुन्या ट्रकवाल्यांले मी पाहेल शे. मना ध्यानमाच नही उनं."

मी जिपेखाली घोंगडी अंथरून आडवा झालो आणि पान्याने खालचा बोल्ट सैल केला. तेल घमेल्यात पडायला लागलं, पण धार कसली, जाड काळी दोरीच. ते पडेपर्यंत माझी पाठ गार पडली. अक्काने सगळी लाकडं चुलीबाहेर ओढली आणि फक्त निखारे ठेवले. तेल जुन्या पातेल्यात ओतून ते निखाऱ्यावर ठेवलं. मला म्हणाली, "तू लांब उभा राहा." मग स्वतः मात्र पातेल्याजवळून हलली नाही. जाळ उठू नये म्हणून सारखी निखारे मागेपुढे करत राहिली. तोवर तिन्ही म्हाताऱ्या गाडीतून उतरून चुलीभोवती येऊन बसल्या होत्या. हात शेकत, गप्पा मारत, जणू लग्नघरी आल्यात. एकीने तर पिशवीतून ज्वारीच्या पापडासारखी बिबडी काढून निखाऱ्याच्या कडेला भाजून घेतली.

तेल कोमट झालं. अक्काने एक थेंब मनगटावर घेतला, बाळाचं दूध बघावं तसा. "बस झालं," म्हणाली. मी बोल्ट आवळला, नरसाळं लावलं आणि तिने सगळं तेल परत इंजिनात ओतलं. आता ते सरसर उतरत होतं. दाजी काठी टेकत जिपेपर्यंत आले, आपल्या सीटवर चढले आणि म्हणाले, "हीटर दे. थांब. आते मार."

अक्काने इंजिन आतून तापवणारी कळ थोडा वेळ धरून ठेवली, मग किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, अडखळलं, खोकलं, आणि चालू झालं. अंगणभर पांढरा धूर झाला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का स्टीअरिंगवर डोकं टेकून क्षणभर तशीच बसली, मग वर बघून हसली. तिचं ते हसू मला अजून दिसतं.

आम्ही दवाखान्यात उशिरा पोचलो. नंबर निघून गेला होता. तिथल्या सिस्टरने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग अक्काने काळे झालेले हात पुढे करून सगळी हकीकत सांगितली, तशी सिस्टर हसत सुटली. "मावशी, आधी हात धुवा," म्हणाली आणि तिघींना शेवटी घेतलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही ऑपरेशनं नीट पार पडली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. मी जिजीचा हात धरून तिला फाटकाबाहेर आणलं. जीप उन्हात उभी होती. जिजी तिच्यासमोर थांबली. मडगार्डवरून हात फिरवला, गंजलेल्या जागी बोट ठेवलं, मग दाजींना विचारलं, "हाई आपली गाडी शे?"

"हा मग."

"इतली जुनी? माले तं नवी वाटे!"

दाजी इतके हसले की त्यांची काठी पडली. घरापर्यंतच्या सबंध वाटेवर जिजी खिडकीतून बघत होती आणि दिसेल ते सांगत होती. केळीच्या बागा, तारेवरचे पक्षी, कुणाच्या तरी दारातली लाल साडी. अक्का गाडी मुद्दाम हळू चालवत होती.

त्या संध्याकाळी जेवताना दाजी आपणहून म्हणाले, "सायेब, थंडीमा तुमनं तेलच बरं." अक्काने त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं. खुशीत होती ती. तेव्हापासून आमच्याकडे तसंच चालतं. दिवाळी झाली की मल्टिग्रेड, होळी झाली की चाळीस नंबर. थंडीत थोडं जास्त तेल जातं, ते अक्का वरून घालते. इंजिन खोलायचं अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

यंदाच्या होळीला मी गेलो तेव्हा तेल बदलायचं काम अक्काच करत होती. दाजींना काही सुचवायचं होतं. तिने त्यांना खाटेवरच बसायला सांगितलं आणि ते आज्ञाधारकासारखे बसले. पुढच्या दिवशी आठवडी बाजार होता. मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या, दोन कोंबड्या आणि गप्पा मारणाऱ्या बायका, यांच्या मधे मला जेमतेम जागा मिळाली. फाट्यावर अक्काने गियर बदलला आणि मागे वळून सगळ्यांवर नजर फिरवत विचारलं, "बठ्ठा बसले ना?"

"बसले, बसले," सगळ्या म्हणाल्या, आणि जीप बाजाराच्या रस्त्याला लागली.